‘ती’ आन् ‘न’च्या मधली जागा

दगूतात्या लिलावात डोळे मिटून उभे राहायचे.

गंगेवरचा, म्हंजे नाशकातल्या गोदावरीकाठचा, फुलबाजार दिवस उगवायच्या टायमाला भरायचा. झेंडू, शेवंती, बिजलीच्या पाट्या ओळीनं मांडलेल्या. बाकीचे व्यापारी फुलात हात घालून बघायचे, एकमेकाच्या तोंडाकडं बघायचे, कोण किती वर जाईल त्याचा अंदाज घ्यायचे. तात्या सगळ्यांच्या मागं. हात पाठीशी, डोळे मिटलेले. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारं उभ्या उभ्या झोपलं. पुकारणारा ‘एक वार, दोन वार’ करत यायचा, ‘ती’ म्हणायला तोंड उघडायचा, आन् त्याचा ‘न’ बाहेर पडायच्या आत तात्यांचा आकडा पडलेला असायचा. आधीच्या आकड्यावर नेमका एक चढ. आमच्या बाजाराची रीत अशी होती की तिसऱ्या वाराला तोंड उघडलं की पुकारणाऱ्यानं मागं फिरायचं नाय. मधी जो आकडा आला तो शेवटचा. म्हणून माल तात्यांचा व्हायचा आन् बाकीचे नुसते बघत राहायचे.

मी पयल्यांदा बाजारात आले ती मालक गेले त्या वर्षी. मोटार काढायला विहिरीत उतरले ते वर आले नाय. शेत मखमलाबादच्या अंगाला, झेंडू तोडणीला आलेला. झेंडू काय कोणाच्या सुतकासाठी थांबत नाय. मंग मीच पाट्या घेऊन आले. बाजारात बाया होत्या, पण त्या हार करणाऱ्या. स्वतःचा माल घेऊन लिलावात उभी राहिलेली मी एकटीच. माझ्या पाट्यांवर आकडा चढंना. पुकारणाऱ्यानं दोन वार केले, मला वाटलं गेली फुलं मातीमोल, आन् तेवढ्यात मागून एक आवाज आला. वळून बघते तं हे डोळे मिटलेले.

मी सरळ पुढं जाऊन उभी राहिले. “ओ बाबा, झोपेत फुलं घेता का?”

“जागा होतो म्हणून एक चढ जास्त मिळाला तुला,” तात्या म्हणले. डोळे काय उघडले नाय.

“डोळे तं मिटलेले हायत.”

“फुलं मला दिवसभर बघायचीच हायत, बाई. लिलाव ऐकायचा असतो.” मंग एक डोळा उघडून पाटीकडं बघितलं. “पाणी मारलंस का गं?”

“दव हाय ते.”

“बरं बरं. दवाचं वजन सोडून दिलं.”

आजूबाजूचे हसले. मला राग आला होता, पण त्या वर्षात माझ्याशी कोणी हसून बोललं असंल तं ते तेवढंच. बाकी सगळे ‘बिचारी’ म्हणून बोलायचे. तात्या कव्हाच बिचारी म्हणले नाय.

मंग रोजचंच झालं. लिलाव उरकला की तात्या चहाच्या गाडीवर दोन चहा सांगायचे, एक माझा. ते हारवाल्या दुकानदारांसाठी खरेदी करायचे. घरी एकटेच, लग्न केलेलं नव्हतं. त्यांचं बोलणं सगळं लिलावाचं. मी एकदा विचारलं, तुमी इतकं शेवटी कसं काय बोलता, एखाद्या टायमाला चुकत नाय का.

“‘ती’ आन् ‘न’च्या मधी एक जागा असती, वच्छाबाई. लय बारीक. पुकारणारा ‘ती’ म्हणताना श्वास सोडतो. तो श्वास संपत आला की आपण जाऊन बसायचं.”

“आन् चुकली तं?”

“चुकली तं माल दुसऱ्याचा. मंग त्या ढिगाकडं बघायचं बी नाय. तीन वार झाल्यावर दुसऱ्याच्या पाटीतलं एक फूल उचललं तरी तो भुरटा.”

दुसरी एक गोष्ट ते पाळायचे. कव्हाच उडी मारायची नाय. म्हंजे कसं, आकडा चालला असंल पायरी पायरीनं, तं एखादा पैसेवाला एकदम मोठा आकडा बोलून सगळ्यांची तोंडं बंद करतो. तात्या त्याला ‘मूठ उघडली’ म्हणायचे. “आपल्याकडं किती हायत ते आडत्याला दाखवलं, की आडत्या तेवढे काढणार. तो विकणाऱ्याचा माणूस. त्याच्यासमोर मूठ झाकलेली पाहिजे.” आन् खरंच, लिलावात उभे असताना पाठीमागं त्यांची उजवी मूठ आवळलेली असायची. मी मागून बघितलीय.

एका दसऱ्याला सिडकोकडचा एक नवा व्यापारी आला आन् प्रत्येक पाटीला उडी मारत सुटला. सगळा झेंडू त्यानंच उचलला. लोक तात्यांना म्हणले, तात्या, तुमी बी मारा, आज दसरा हाय, हातात माल पाहिजे. तात्यांनी डोळे उघडले, पायात चपला घातल्या आन् रिकाम्या हातानं घरी गेले. दसऱ्याच्या दिवशी फुलाचा व्यापारी रिकामा. दुकानदारांनी शिव्या घातल्या. तात्या म्हणले, “घालू दे. मला तसं येत नाय.”

त्यांच्या आयची गोष्ट मला लय उशिरा कळली. बुधवारच्या बाजारात तात्या जुन्या सामानाच्या पथाऱ्यांवर तासन् तास बसलेले दिसायचे. मला वाटलं मोडतोडीचा नाद असंल. एकदा मी म्हणलं, “काय हरवलंय का तुमचं इथं?” तं म्हणले, “आय.”

त्यांची आय मथुरा गाणारीण होती. माळ्याच्या घरात आली, तात्या झाले, आन् ते रांगत असतानाच ती तापानं गेली. पण त्याच्या आधी तिला मुंबईला नेऊन तिच्या गाण्याची एक तबकडी काढली होती. घरात एक तबकडी होती बी. बापानं दुसरं लग्न केल्यावर ती दगडावर आपटून फोडली. घराण्याला डाग नको म्हणून. तात्यांना आयचा आवाज आठवत नव्हता, तोंडबी आठवत नव्हतं. फोटो कोणी काढलेला नव्हता. एका मावशीनं फक्त सांगितलं होतं, की त्या तबकडीत गाणं संपल्यावर मथुरा बोलून आपलं नाव सांगती. त्या काळी तसं सांगायचे म्हणे, कोण गायलं ते कळावं म्हणून.

“गाणं राहू दे,” तात्या म्हणले. “गाणं काय, लोकांसाठी असतं. ती नुसती बोलती कशी ते एकदा ऐकायचंय.”

त्यांनी तबकडी वाजवायचं यंत्र आधीच घेऊन ठेवलं होतं, भोंगावालं. तबकडी एक बी नाय. स्प्रिंग आखडू नये म्हणून ते त्याला आठवड्यातून एकदा चावी द्यायचे. तबकडी ठेवायची रिकामी चकतीच गरागरा फिरायची, हे बघत बसायचे.

मंग तात्यांचे कान गेले. एकदम नाय. आधी उजवा. एका सकाळी लिलावात पुकारणाऱ्याचा ‘न’ होऊन गेला आन् त्याच्या मागून तात्यांचा आकडा आला. बाजार हसला. पुकारणारा म्हणला, “तात्या, गाडी गेली.” तात्याबी हसले. दुसऱ्या दिवशी परत तेच. तव्हा कोणी हसलं नाय. तिसऱ्या दिवशी तात्या आले नाय, ते परत कव्हाच लिलावाला आले नाय. मी घरी जाऊन बोलावलं, म्हणलं, डोळे उघडे ठेवा, पुकारणाऱ्याच्या तोंडाकडं बघून बोला. म्हणले, “तोंड तं सगळेच बघतात.”

त्याच्या पुढच्या वर्षांचं मी थोडक्यात सांगते. शेत दिरानं घेतलं, तिथं आता बंगले हायत. पोरगा ओझरला कारखान्यात कामाला जायचा, तो हायवेला ट्रकखाली गेला. सून संगीता, तिला मूलबाळ नव्हतं, माहेरचे न्यायला आले तं ती म्हणली, आत्या एकट्या राहतील. मला ती आत्या म्हणती. आम्ही दोघी राहिलो. तिनं मखमलाबाद नाक्यावर एसटीडीचं बूथ टाकलं, मंग त्याच गाळ्यात चार कॉम्प्युटर ठेवून नेटचं दुकान केलं. मी दाराशी पाट टाकून हार करायला बसायचे. सकाळी रडून झालं असलं तरी दुपारी हार सरळच ओवावा लागतो, गिऱ्हाईक वाकडा घेत नाय.

तिथं एक दिवस तात्या आले. बुधवारच्या बाजारातल्या एकानं त्यांना सांगितलं होतं, की आता जुन्या तबकड्या पथारीवर येत नाय, कॉम्प्युटरवर लिलाव होतो. तात्यांनी डावा कान पुढं करून संगीताला विचारलं, “पोरी, यात लिलाव असतो म्हणं?”

संगीतानं साईट उघडून दाखवली. सामानाचे फोटो, खाली आकडे, आन् किती वेळ उरला ते सांगणारं घड्याळ. तात्यांनी लय वेळ बघितलं. मंग विचारलं, “पुकारतं कोण?”

“कोणी नाय, तात्या. घड्याळ संपलं की संपलं.”

“म्हंजे ऐकायचं काय नाय यात.”

“नाय.”

तात्या खुर्ची ओढून बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं खूश झालेलं बघितलं नव्हतं. ज्या कानांपायी त्यांचा बाजार सुटला होता, त्यांची इथं गरजच नव्हती.

मंग त्यांचा सराव सुरू झाला. संगीताच्या नावावरून ते बोली लावायचे, बटण तिनं दाबायचं, पण कव्हा दाबायचं ते तात्या सांगणार. आमच्याकडं नेटची लाईन गचाळ. बटण दाबलं की पोचायला वेळ लागायचा, पडद्यावर नुसतं गोल फिरत राहायचं. तात्यांनी त्याचं बी माप काढलं. “एक श्वास आत, एक बाहेर. तेवढ्यात पोचतं. पाऊस असला तं दीड.” कुलूप नसलेल्या चाव्यांचा जुडगा, एक दाढीचा ब्रश, एका डोळ्यानं आंधळी दुर्बीण, असं काय काय त्यांनी घेतलं. कशाचा उपयोग नाय. कुरिअरवाला आला की मी म्हणायचे, “आला तुमचा दसरा.” तात्या म्हणायचे, “सरावाचा माल हाय, हसू नको.” शेवटच्या क्षणाला त्यांचा आकडा पडायचा आन् घड्याळ संपायचं. पडद्यावर संगीताचं नाव यायचं. ते म्हणायचे, “इथंबी हाय गं ती जागा. फक्त बिनआवाजाची हाय.”

एकदोनदा मात्र चुकलं. आकडा वेळेत पोचला, तरी माल दुसऱ्याला गेला. तव्हा संगीतानं त्यांना समजावलं. “तात्या, यात अशी सोय हाय. तुमी तुमचा शेवटचा आकडा आत लिहून ठेवायचा. मशीन तो कोणाला दाखवत नाय. समोरचा जेवढा चढंल, त्याच्यावर एकच चढ तुमच्या वतीनं देतं. उरलेले पैसे तुमचेच. ज्यानं असं लिहून ठेवलंय, त्याच्यापुढं शेवटी एक चढ देऊन भागत नाय. मशीन लगेच त्याचा पुढचा चढ देतं.”

“मशीन कोणाचं हाय?”

“कंपनीचं.”

“कंपनी पैसे कोणाकडून घेती?”

“विकणाऱ्याकडून. विक्रीवर.”

“मंग आडत्याच झाला की तो,” तात्या म्हणले. “आन् मी त्याच्या कानात सांगून ठेवू, की माझ्याकडं एवढे हायत म्हणून?”

संगीतानं माझ्याकडं बघितलं. बाजारात मी बी तेच शिकले होते.

दर दोन दिवसांनी संगीता ‘मथुरा’ हे नाव इंग्रजीत वेगवेगळं लिहून शोधायची. कव्हा गावाचं काय यायचं, कव्हा पितळेची मूर्ती. आन् एका दुपारी ती ओरडलीच, “आत्या, तात्यांना बोलवा.” फोटोत एक काळी तबकडी, मधी लाल कागद, त्याच्यावर इंग्रजीत छापलेलं. संगीतानं वाचून दाखवलं, “मिस मथुरा, नाशिक.”

तात्यांनी पडद्याला बोट लावलं. “मिस म्हंजे?”

“बिनलग्नाची.”

“आन् मी कुठं होतो मंग?” तात्या हसले, आन् हसता हसता त्यांचं तोंड वाकडं झालं ते सरळ होईना. मी पाणी दिलं.

लिलाव संपायला आठवडा होता. त्यांनी बोटातली अंगठी मोडली. त्या वक्ताला डाव्या कानाला बी कमी यायला लागलं होतं, जवळ जाऊन मोठ्यानं बोलावं लागायचं. संगीता म्हणली, तात्या, आधी कानाचं मशीन घ्या यातून. तं म्हणले, “ऐकायला काय असलं तं कान.” आम्हाला सगळ्यांना दिसत होतं की गाठ वेळेशी हाय. तबकडी आधी यायची का कान आधी जायचा.

त्या दिवशी तात्या अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून आले. दुपारची वेळ, लोडशेडिंगचे दिवस. संगीतानं शेजारच्या गाळ्यातून बॅटरी आणून ठेवली होती. तिनं बाकीची गिऱ्हाईकं उठवली. तबकडीवर इंदूरच्या एका माणसाची बोली पहिल्या दिवसापासून होती. बाकी एकदोघं येऊन गेले होते, वर तोच होता.

“तात्या, ऐका माझं,” संगीता त्यांच्या कानाशी म्हणली. “अंगठीचे सगळे आत टाका. एकदाच. लागतील तेवढेच जातील.”

“उडी मारू?”

“उडी नाय ही. कोणाला दिसत नाय.”

“मला दिसतं ना.” मंग जरा थांबून म्हणले, “पोरी, तुझं खरं असंल. पण हा लिलाव मी जिंकलो तं आयला घेऊन जाणार घरी. तिला मी मूठ उघडून, आडत्यापुढं पैसे उधळून नाय नेणार. बापाच्या घरात तिला असंच आणलं होतं, उडी मारून. मावशीनं सांगितलंय मला सगळं. मी नीट नेईन, पायरीनं.”

संगीतानं बोट बटणावर नेऊन ठेवलं.

घड्याळ उतरत आलं. तात्यांनी डोळे मिटले नाय, त्या दिवशी उघडे ठेवले. उजवा हात पाठीशी. एक श्वास आत घेतला, आन् म्हणले, “दाब.”

संगीतानं दाबलं. गोल फिरलं. पोचलं, वेळेत पोचलं. लाईट गेली नाय, लाईन तुटली नाय. गेली असती तं बरं झालं असतं, कशावर तरी ढकलता आलं असतं. पडदा बदलला आन् वर इंदूरवाल्याचंच नाव. तात्यांच्या आकड्यावर एक चढ. आन् घड्याळाच्या जागी लिहिलेलं, संपलं.

तात्या म्हणले, “हां, आता परत दाब. एक चढ.”

“संपलं, तात्या.”

“तीन वार कुठं झाले?”

संगीता रडायला लागली. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मागची मूठ अजून तशीच होती, ती सोडवायला त्यांना दुसरा हात लावावा लागला.

संगीतानं त्यांना न विचारता इंदूरच्या माणसाला कॉम्प्युटरवरून निरोप लिहिला. सगळी गोष्ट लिहिली. चार दिवसांनी त्याचा जबाब आला, फोन नंबरसकट. बँकेतून रिटायर झालेला, तबकड्या जमवणारा माणूस. विकणार नाय म्हणला, पण तुमी कव्हाही या, ऐका. यायला जमत नसलं तं फोन करा, मी भोंग्यासमोर रिसिव्हर धरीन. आन् त्यानं सहज लिहिलं होतं, की आपण शेवटचा आकडा आत किती लिहून ठेवला होता. संगीतानं मला एकटीला सांगितलं. अंगठीचे त्याच्याहून जास्त होते. तात्यांना आम्ही ते कव्हाच सांगितलं नाय.

फोनचं मात्र सांगितलं. तात्या म्हणले, “नको.”

“का नको? फोनवर ऐकायचंय, घरी न्यायचं थोडंच हाय.”

“लिलाव झाला, वच्छाबाई. माल त्याचा.”

“ऐकल्यानं काय झिजतं का?”

“झिजतं. सुई लागली की दरवेळेला थोडी झिजती तबकडी. मी काय पाहिली नाय का बाजारात. त्याचा माल मी झिजवू?”

मी लय बोलले त्यांना. म्हणलं, तुमच्या बाजाराच्या रीती बाजारात. इथं आय हाय. तात्यांनी ऐकलं, का ऐकू आलं नाय, देव जाणे. उठून गेले. पावसाळा गेला, थंडी गेली, उन्हाळा गेला. मी मधून मधून विषय काढायचे, ते हात हलवायचे. संगीतानं जबरदस्तीनं कानाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं कानात मशीन घालून बघितलं, नुसती शिट्टी वाजली. म्हणला, नस वाळत चाललीय, आता मशीनचा उपयोग नाय. दोन वर्षं आधी आणायचं होतं.

श्रावणात एका दुपारी तात्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. छत्री मिटली. मी हार करत होते. म्हणले, “आज देवळात घंटा वाजवली. हाताला कळली, कानाला नाय.” मंग संगीताकडं बघून म्हणले, “लाव त्याला फोन.”

संगीतानं लावला. इंदूरचा माणूस घरी होता. दोन मिनिटं द्या म्हणला, तबकडी पुसतो, नवी सुई लावतो. तात्या एसटीडीच्या काचेच्या केबिनमधी गेले. टोपी काढून मांडीवर ठेवली. रिसिव्हर डाव्या कानाला लावला. आम्ही दोघी बाहेरून बघत होतो. गाणं सुरू झालं असंल तव्हा त्यांनी डोळे मिटले, पूर्वी मिटायचे तसे. थोड्या वेळानं रिसिव्हर उजव्या कानाला नेला. परत डाव्या. मंग कानाला इतका दाबून धरला की बोटं पांढरी झाली. एका तबकडीला किती वेळ लागतो मला माहीत नाय. मी दोऱ्यात एक बी फूल ओवलं नाय तेवढ्या वेळात.

तात्या बाहेर आले. रिसिव्हर फोनशेजारी आडवा ठेवलेला, लाईन चालूच.

मी हातानं विचारलं, काय?

“मुंगी चालल्यासारखं काय तरी होतं,” तात्या म्हणले. “ते बी मला वाटलं असंल.” त्यांचा आवाज मोठा येत होता, बहिऱ्या माणसाचा येतो तसा, रस्त्यावरचे लोक बघायला लागले. “तू जा, त्याला सांग, ऐकलं म्हणून. लय छान ऐकू आलं म्हण. त्यानं बिचाऱ्यानं नवी सुई लावली.”

मी केबिनमधी गेले. मला फोनवर बोलायची सवय नाय. म्हणलं, “ऐकलं हो त्यांनी. लय छान ऐकलं.”

तिकडून तो माणूस हिंदीत म्हणला, “आखिर में नाम बोलती हैं, वो सुना ना उन्होंने?”

मी म्हणलं, “काय नाम?”

“बोलती हैं, मी मथुरा, नाशिकची. और बोलते बोलते हँस देती हैं. शायद किसी ने कमरे में कुछ इशारा किया होगा. गोद का बच्चा भी हो सकता है, क्या पता.”

मी म्हणलं, “हां भाऊ. सुना.” आन् फोन ठेवला.

तात्या माघात गेले. झोपेत गेले, कोणाला त्रास नाय. त्या मधल्या महिन्यांत ते फारसं बोलले नाय, दुकानाच्या पायरीवर बसायचे, मी फुलं द्यायचे ती निवडून द्यायचे. पण मला त्यांचं जे सांगायचंय ते त्या श्रावणातल्या दुपारचंच हाय.

मी केबिनमधून बाहेर आले तव्हा ते चपला घालत होते. मी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. त्यांच्या तोंडासमोर तोंड आणलं, म्हंजे माझे ओठ दिसतील. आन् हळू हळू म्हणलं, “मी मथुरा. नाशिकची.”

त्यांना कळलं नाय आधी. मंग कळलं. त्यांनी दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं, लहान मूल धरतं तसं, आन् ओठांकडं बघत म्हणले, “अशी म्हणती?”

मी मान हलवली. आन् खुणेनं सांगितलं, हसत म्हणती.

“मंग हसत म्हण.”

मी परत म्हणलं. मी मथुरा, नाशिकची. हसायला गेले, पण मला ते जमलं नाय. तात्या बघत राहिले, माझ्या तोंडाला हसू कव्हा येतं त्याची वाट बघत. मी परत म्हणलं.